प्रयागबाईचं तमिळ

नागपूरच्या इंदोऱ्यात प्रयागबाई मेश्रामचं घर विचारलं, तर लोक उलट विचारायचे, "कोणती? थे मद्राशीत बडबडते थे?" आणि कपाळाजवळ बोट फिरवायचे. विड्या वळता वळता बाई एकटीच बोलायची हे खरं. पण वेड लागलेलं माणूस आपल्याच वाक्यातली चूक काढून ते पुन्हा नीट म्हणत नाही, एवढं डोकं त्या बोट फिरवणाऱ्यांनी चालवलं नाही. लोकांना दुसऱ्याला वेडं ठरवायची फार घाई असते.

तिला एकुलता एक मुलगा, रवींद्र. नवरा लवकर गेला आणि विड्या वळून तिनं पोराला आयटीआयपर्यंत पोचवलं. रवी मद्रासला रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथल्याच सेल्वी नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. एकदा दोघं नागपूरला आली. सेल्वी जेवताना काहीतरी बोलायची, प्रयागबाई विचारायची, "काय म्हणते रे थे?" रवी म्हणायचा, "काही नाही माय, भाजी झकास झाली म्हणते." तो घरात असला की दोघी बोलक्या. तो चौकात पान खायला गेला की दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत बसायच्या, गाल दुखेपर्यंत.

चौऱ्याहत्तर साली रवीला कावीळ झाली. तार मिळताच प्रयागबाई जी.टी. एक्सप्रेसनं निघाली, पण ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कारखान्यातल्या एका बाबूला मोडकं हिंदी येत होतं. तो म्हणाला, "जॉन्डिस हुआ. अस्पताल ले गया. खतम." तरण्याताठ्या मुलाचं मरण त्यानं असं हातावर टेकवलं. प्रयागबाई सेल्वीकडे बघत राहिली. शेवटपर्यंत रवीच्या उशाशी हीच होती. पोरगं शेवटी काय बोललं, त्यानं आईची आठवण काढली की नाही, हे फक्त हिला ठाऊक होतं. बाबूला मध्ये घालून विचारावं, तर असलं काही परक्या पुरुषाच्या तोंडून विचारायचं नसतं. दोघी गळ्यात पडून रडल्या आणि प्रयागबाई तो प्रश्न तसाच घेऊन परत आली.

मग तिनं ठरवलं, की आपण तमिळ शिकायचं आणि सेल्वीला स्वतः विचारायचं.

धम्मदीक्षेनंतर वस्तीत रात्रीचे वर्ग निघाले, तेव्हा ती वाचायला शिकली होती. त्या बळावर सीताबर्डीच्या फुटपाथवरून तिनं तमिळ शिकवणारं एक पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर गाडं अडलं. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. "आमच्या बाराखडीत ज्याले त्याले आपली खोली हाय," ती शेजारच्या सिंधूताईला म्हणाली, "इथं चौघं एकाच खोलीत कोंबले. कोण कवा बाहेर येईन, कसं समजावं?" त्यात ळ. आपल्या नागपूरकडे ळ जिभेवर टिकतच नाही. प्रयागबाई पोळीला पोयी म्हणायची आणि डोळ्याला डोया. तमिळमध्ये ल आणि ळ झाल्यावर वर आणखी एक, जीभ पार मागं वळवून म्हणायचा. तो म्हणायला गेली की तिला ठसका लागायचा.

पुस्तकानं भागेना, तेव्हा तिनं सदरमधल्या एका तमिळ बाईंचं घर गाठलं. त्यांना सगळे मामी म्हणत. मामींचे यजमान हिशेबाच्या सरकारी कचेरीत मोठे अधिकारी होते. मुलं नोकरीला दूर गेलेली. इतकी वर्षं नागपुरात काढून मामींना मराठी आलं नव्हतं, आणि बोलायला कोणी नसल्यानं त्या नळाशी, मांजराशी, कोणाशीही तमिळ बोलत. त्यांना भांड्यांना बाई हवी होती. प्रयागबाईनं ते काम धरलं, तशी सिंधूताई भडकली.

"काहून वं? विड्यात भागत नाही काय? आपल्या लोकायनं हे असले कामं सोडले, आन् तू बामनाची भांडी घासाले चालली?"

"भांडी घासाले नाही," प्रयागबाई म्हणाली, "बोली शिकाले चालली."

अंगणात नळाशी ती भांडी घासायची आणि मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बोलायच्या. पहिल्या दिवशी तिनं पुस्तकातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. मामी पदर तोंडाशी धरून हसल्या. असं सभेत बोलतात, घरात नाही, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. म्हणजे लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी. प्रयागबाईनं पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि मामींच्या तोंडाकडे बघून शिकू लागली. मामी फार भरभर बोलायच्या. पाच शब्दांतला एक हाती लागायचा, मग दोन लागू लागले. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तमिळमध्येही असतो हे कळलं, तेव्हा तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ठसका लावणारा तो ळसुद्धा वाटेनं पुटपुटत पुटपुटत एकदाचा बसला.

घासून पालथी घातलेली भांडी मामी लगेच आत नेत नसत. आधी त्यांवर पाणी शिंपडत, मगच उचलत. प्रयागबाईला ते दिसत होतं. तिच्या अंगाची लाही व्हायची, सगळी भांडी अंगणात भिरकावून द्यावीत असं वाटायचं. पण रवीच्या शेवटच्या घडीकडे जायला तिला दुसरी वाट माहीत नव्हती, म्हणून ती गिळून टाकायची.

घरी आल्यावर ती मामी व्हायची आणि प्रयागबाईही व्हायची. एक प्रश्न विचारायची, दुसरी उत्तर द्यायची. सराव तर होताच, पण खरं सांगायचं तर त्या घरात तिला दुसरा आवाज हवा होता. पोटचं पोर गेलेल्या बाईच्या घरात भांडं पडलं तरी सोबत वाटते.

सत्त्याहत्तर साली ती पुन्हा जी.टी.त बसली. सेल्वी आता मद्रासमध्येच व्यासरपाडीला बापाकडे राहत होती. तिचा बाप मुनुसामी दाराशी बाजेवर बसला होता. पायरी चढून प्रयागबाईनं हात जोडले आणि मामी पाहुण्यांना विचारत तसं खणखणीत विचारलं, "आत्तुल एल्लारुम सौख्यमा?" घरात सगळी खुशाल आहेत ना?

म्हातारा ताडकन उठला. खांद्यावरचा पंचा काढून त्यानं काखेत धरला, पायरी उतरला आणि कमरेत वाकून उभा राहिला. सेल्वीची आई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थबकली आणि तांब्यासकट मागं फिरली.

प्रयागबाईला वाटलं, शब्द चुकला. तिनं तेच आणखी नीट म्हटलं, तसा म्हातारा आणखी वाकला. मग तिचं लक्ष त्या काखेतल्या पंच्याकडे गेलं. तिचा बाप गावी मालगुजाराच्या ओसरीखाली असाच उभा राहायचा, वहाणा हातात घेऊन. तिला सगळं एकदम कळलं. घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या घरची बोली ती घेऊन आली होती, आणि या लोकांनी ती फक्त तसल्याच घरांतून ऐकली होती. तमिळ म्हणजे तमिळ, एवढंच तिला वाटलं होतं. जात सोडून इतकी वर्षं झाली आणि ती जिभेवर बसून मद्रासपर्यंत आली! मामींचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

बोलून काही सुधारणार नव्हतं. ती पायरी उतरली, म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला वर आणून बाजेवर बसवलं आणि त्याला खेटून बसली. दाराकडे बोट करून तिनं तो तांब्या मागितला. सगळ्यांच्या देखत तोंड लावून घटाघटा प्यायली. मग दारात आलेल्या सेल्वीकडे वळून म्हणाली, "मला तुमचं बोलणं शिकव."

ती राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकली. घराला मामींसारखं 'आत्तु' नाही, 'वीडु' म्हणायचं, हे पहिलं. नळाच्या रांगेत बायका तिच्या मद्राशी मामीपणाला हसायच्या, तीही हसायची आणि शब्द बदलून घ्यायची. रांगेतली भांडणंसुद्धा कळायला लागली, तेव्हा एका दुपारी सेल्वी तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर बसून तिनं विचारलं, "रवी शेवटी काय बोलला?"

सेल्वीनं हातातले खडे झटकले.

"तुमच्या भाषेत बोलला. मला कळलं नाही. कोणाला विचारलंही नाही. पण विसरू नये म्हणून रोज म्हणते." आणि डोळे मिटून ती म्हणाली, "मले गरी गेऊन साल वं माय."

मले घरी घेऊन चाल वं माय. या मुलीच्या तोंडून रवीचा आवाज आला, तापातला, हट्टाचा.

"मला वाटलं, तहान लागली असेल," सेल्वी म्हणाली. "मी पाणी पाजलं. चुकलं का माझं? काय मागत होता तो?"

खरं सांगायला लागणारे सगळे शब्द प्रयागबाईजवळ होते. त्यांच्यासाठीच तर तिनं दुसऱ्याची भांडी घासली होती. तिनं सेल्वीकडे पाहिलं. याच मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून तो आईला घरी घेऊन चाल म्हणत होता.

"तण्णी," ती म्हणाली. "पाणीच मागितलं त्यानं, पोरी. तू दिलंस."

सेल्वीनं सूप बाजूला केलं आणि तिच्या कुशीत शिरून ओक्साबोक्शी रडली. प्रयागबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला रडू आलं नाही. आता रवीनं काय मागितलं होतं, हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं.