झुल्मिराबाईंनी तोललेला डेस्कटॉप

झुल्मिराबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. पाववाल्यावर नव्हता, पाद्र्यावर नव्हता आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूवर तर मुळीच नव्हता. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेच्या टेकडीवरचं आमच्या वस्तीचं संगणक केंद्र त्या नऊ वर्षं सांभाळत होत्या आणि मी तिथे टायपिंग शिकवायचे. कपाटात एकच म्हातारा सर्व्हर, आणि त्याच्या जिवावर दहा टेबलांवरचे दहा पडदे. त्याच्यावर लिनक्स, आणि बाईंनी निवडलेला एक रोडका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी: करडी पट्टी, चार बटणं, संपलं.

नऊ वर्षं त्या वाल्दोमिरोकाकांना संगणकावर आलेली पत्रंही वाचून दाखवत होत्या आणि ते सांगतील ते उत्तर टाइप करत होत्या. काका जुने गवंडी. डोळ्यांत चुना जाऊन नजर अधू झालेली. मुलगी नेउझा लिस्बनला. एकदा मी बाईंच्या मागे उभी होते. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, "बाबा, मला येता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर यावंसंही वाटत नाही." बाईंनी वाचलं, "बाबा, यंदा जमेलसं दिसत नाही, पण तुमची फार आठवण येते."  मग वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोर मीच.

मग एक दिवस नगरपालिकेचा एव्हेर्तोन नवा डेस्कटॉप घेऊन आला. टक्कल पडलेला, हसरा माणूस. त्याने खिडक्यांच्या सावल्या दाखवल्या, सरकणारी चित्रं दाखवली. शेवटी पडद्यावर एक भिंग उघडलं. त्यात एकेक अक्षर विटेएवढं दिसत होतं.

"एवढं गोड बोलतोयस, यात खोट काय आहे?" बाईंनी विचारलं.

"फुकट आहे हो, बाई."

"म्हणूनच विचारते."

नवीन काही आलं की तोलायची आमची एक रीत होती. माते म्हणजे आमच्याकडचा कडवट चहा, आणि त्याचा तुंबा सगळ्यांत एकच असतो. एकाने नळीने ओढून संपवायचा, पुन्हा गरम पाणी ओतून पुढच्याला द्यायचा. तो सगळ्यांकडून फिरून बाईंच्या हाती परत येईपर्यंत पडदा उघडला, तर चीज वजनाला हलकी, ठेवायला हरकत नाही. एव्हेर्तोनने एक टेबल सुरू केलं आणि तुंबा तिसऱ्या माणसाकडे पोचायच्या आत पडदा झगमगला.

"पाहिलंत?"

"एकट्या पाहुण्याला कुणीही जेवू घालतं," बाई म्हणाल्या. "दहा बसव."

रस्त्यावरून माणसं गोळा केली. नऊ नंबरच्या टेबलावर काका बसले. दहाही जणांनी एकदम सुरू केलं आणि कपाटातून गिरणीसारखी घरघर यायला लागली. तुंबा दोन फेऱ्या फिरला, थर्मासातलं पाणी संपलं, तरी निम्मे पडदे काळेच.

"ने परत," बाई म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्याला एवढे दागिने झेपायचे नाहीत."

बोलणं खरं होतं. पण मी त्यांचे डोळे पाहत होते. ते कपाटाकडे नव्हते, नऊ नंबरकडे होते. तिथला पडदा उघडला होता आणि काका भिंगाला नाक लावून बसले होते.

"झुल्मिरा, हे राहू दे."

"काका, सगळ्यांचं काम अडतंय."

"मग नऊ जणांचं काढ. माझं राहू दे."

"होईल की!" एव्हेर्तोन खुलला. "ज्याच्या त्याच्या नावावर वेगळा डेस्कटॉप ठेवता येतो. एकट्या काकांचं ओझं सहज उचलेल."

"तू मध्ये पडू नकोस!" बाई कडाडल्या. मग आवाज उतरला. "काका, त्या भिंगाने डोळे आणखी जातील. आणि त्यात अक्षरं खोटी दिसतात."

हे त्यांचं त्यांनाही पटलं नसावं. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. "उचलेल तो, बाई," मी म्हणाले.

नऊ टेबलं पुन्हा करडी झाली. कपाट शांत झालं. काकांनी नेउझाचं ताजं पत्र मागितलं. पासवर्ड बाईंकडेच होता, तो त्यांनी दोनदा चुकवला.

काका बोट फिरवत मोठ्याने वाचू लागले, एकेक शब्द चाचपत. "बाबा, येणार नाही म्हणून मी दर वेळी लिहिते. आणि तुम्ही दर वेळी विचारता, कधी येतेस? तुम्ही माझी पत्रं वाचता तरी का?"

 तुंबा माझ्या हातात होता, तो पुढे द्यायचं मला सुचलं नाही.

"मी तुमच्यासाठीच..." बाईंनी सुरुवात केली.

"आधीची उघड."

"काका, नऊ वर्षांची आहेत."

"उघड सगळी." त्यांनी भिंग वरच्या ओळीवर नेलं. "वाचू नकोस. नुसती उघड."