टेकवलेली जाखमाता

कल्पना करा, तुमच्या डोक्यावर चुंबळ आहे आणि चुंबळीवर अर्ध्या मणाचा दगड. साधा दगड नव्हे, शेंदूर चढवलेली जाखमाता. समोर अडीच मैलांचा चढ. दातांत विड्याचं पान धरायचं, म्हणजे तोंडातून शब्द काढायचा नाही. दोन्ही हात वर, म्हणजे घाम पुसायचा नाही. ज्या सवाशिणीनं देवी उचलली तिनंच ती मुक्कामाला न्यायची, वाटेत दुसरीच्या डोक्यावर द्यायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाटेत कुठंही जमिनीला टेकवायची नाही. जिथं टेकेल तिथंच ती कायमची बसते.

जमेल तुम्हांला? माझ्या आजीला जमलं नाही.

ती माझ्या आईची आई, सरुबाई. वलवणच्या बाजूला, खालच्या अंगाला त्यांची वाडी होती. १९१३ साली धरणाचं पाणी तिथवर येणार असं ठरलं आणि वाडी वरच्या माळावर हलली. चैत्र महिना. आजोबा, म्हणजे अंबाजी, सामानाची गाडी घेऊन पुढं गेले होते. देवी उचलायचा मान खरं तर थोरल्या जावेचा, मुक्ताबाईचा. पण तिचा पाय मुरगळला होता, म्हणून मान आजीकडं आला. नव्या माळावर देवीसाठी दगडी जोतं आधीच बांधून तयार होतं.

ढोलवाले पुढं, त्यांच्यामागं माणसं, आणि सगळ्यांच्या मागं हळूहळू चालणारी आजी. तिच्या पदराला धरून अडीच वर्षांची शालू. ही शालू म्हणजे माझी आई. वाटेत चिंचेखाली पडलेल्या चिंचा वेचत, चोखत ती चालली होती.

अर्ध्या चढावर आजी थांबली. मागं वळून बघितलं तर पोरगी दहा हात मागं बसलेली, तोंड उघडं, आवाज नाही, ओठ काळेनिळे. घशात चिंचोका अडकला होता. आजीला ओरडता येईना. ओरडली असती तरी ढोलापुढं कुणाला ऐकू गेलं असतं?

तिनं देवी खाली ठेवली. धावत जाऊन पोरीला पाय धरून उलटी केली आणि पाठीत थापा घातल्या. तिसऱ्या थापेला चिंचोका बाहेर पडला. पोरगी रडली. मागं देवी दिसेना तेव्हा कुठं पुढची माणसं थांबली.

थोरले दीर दत्तोबा देवीचे पुजारी. ते मागं आले, खाली बसलेल्या जाखमातेकडं बघितलं आणि फेटा काढून हातात घेतला.

"काय केलंस ह्ये, सरु?"

"पोर मरत हुती, भाऊ."

"आता ती हितनं हलायची न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई." मग फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळत म्हणाले, "तू बसवलीस, आता दिवाबत्ती तूच करायची."

त्यांच्या पाठोपाठ लंगडत आलेली मुक्ताबाई म्हणाली, "पोरगा असता तर म्या समजले असते. पोरीपायी देवी रानात बसवली व्हय!"

झालं. माळावर जोतं तयार आणि देवी एक मैल तीन फर्लांग खाली, ऐनाच्या झाडाखाली. त्या रिकाम्या जोत्यावर बायका पुढं भात वाळवायच्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या विहिरीला पाणी कमी लागलं, की बघणाऱ्याची नजर आधी त्या जोत्याकडं जायची आणि मग आजीकडं. आजीनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. सकाळी भाकरी थापून झाल्या की ती तेलाची बुधली आणि काड्यांची पेटी घेऊन खाली जायची. पावसाळ्यात इरलं घेऊन जायची. परत येऊन भाताच्या आवणीला उभी राहायची. शालूला मात्र तिनं कधीही, रागातसुद्धा, "तुझ्यापायी झालं" असं ऐकवलं नाही. आई हे फार अभिमानानं सांगते.

मुक्ताबाई दर मंगळवारी तिच्या बुधलीत तेल ओतायची. ओतताना तोंड चालूच असायचं.

"लय लांब बसवलीस गं बाई. माज्या पायानं आता जाववत न्हाई."

"मग घेते की तुमास्नी डोक्यावर."

"नगं. मदीच टेकवशील!"

दोघी हसायच्या. हे हसणं सुरू व्हायला सोळा वर्षं गेली होती.

आई लग्न होऊन कार्ल्याला आली. आमच्या घरात शाळेपलीकडं शिकलेला मी पहिलाच. पुण्याला ओव्हरसियरचं शिक्षण घेत असताना १९४१च्या सुट्टीत आजीकडं गेलो. बरोबर जमीन मोजायची साखळी होती. एका सकाळी आजी पुढं, आणि मी मागून साखळी टाकत. रोजचं जाणं-येणं पावणेतीन मैल. अडचणीचे दिवस, बाळंतपणं, सगळं वगळून अठ्ठावीस वर्षांचा हिशेब केला, तर पंचवीस हजार मैलांच्या वर भरला.

"आज्जे, तू पृथ्वीला एक अख्खी फेरी मारलीस!"

तिनं वात सारखी केली. "एवढं चालून मी परत हितंच कशी रं?"

मी हसत होतो. ती हसली नाही. ऐनाच्या मुळीवर बसली आणि म्हणाली, "तू मापाचं शिकलायस म्हून तुला इचारते. कुणाला बोलले न्हाई. म्या काय पोरीला बगून थांबले न्हवते. डोक्यावर देवी एकाएकी लय जड झाली. मान मोडंल अशी. म्हून पाय थांबला. थांबले तवा ध्यानात आलं, पदर वडत न्हाई कुणी. म्हून मागं बगितलं. जड झाली नसती तर मी तशीच वर गेले असते. मग सांग, म्या टेकवली का ती बसली?"

मी सतरा वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

"दगडाचं वजन बदलत नसतं, आज्जे," मी म्हणालो. "तू दमली असशील."

"आसंल," ती म्हणाली. बुधलीला बूच लावलं आणि उठली. परतीच्या वाटेवर तिनं माझ्या अभ्यासाबद्दल, जेवणाबद्दल विचारलं. 

त्याच वर्षी पौषात ती गेली. शेवटच्या चार दिवसांत दिवा लावायला आई कार्ल्याहून आली होती. आता दर मंगळवारी आईच जाते. इतर दिवशी मुक्ताबाईची सून जाते.

मी आता रस्त्यांच्या कामावर असतो. परवा सुट्टीत पुन्हा साखळी घेऊन त्या चढावर गेलो. चिंचेपासून ऐनापर्यंत मोजलं. चिंचेपाशी उभा राहिलो, ऐनापाशी उभा राहिलो. जे मला तेव्हा विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, ते अजून विचारायचं आहे. आज्जे, नेमकी कुठल्या पावलाला जड झाली गं ती?