मामाचा कान

इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, की मामाला दुखणं कळतं. शाळा सोडल्यापासून त्याच्या गॅरेजात मी हेच बघतेय.

आज गिऱ्हाईक म्हणालं, "गाडी ऐंशीच्या पुढे मिसिंग करते, झटके खाते." त्यानेच आत बसून रेस दिली. इंजिन फाडफाड खोकलं.

मामा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून म्हणाला, "ठणठणीत आहे!"

त्याला ऐकूच येत नव्हतं!

"कान भाड्याने दिलेत का?" गिऱ्हाईक हसलं.

मी मामाच्या कानात ओरडले, "एकेका प्लगची वायर काढ. आवाज बदलला की पाठीवर थाप मारते."

तिसऱ्या वायरीला आवाज बदललाच नाही, म्हणजे तो प्लग आधीच बंद होता. मी थाप मारली नाही.

"तिसरा प्लग गेलाय!" मामा ऐटीत म्हणाला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं. रेस मी स्वतः दिली, की पायालाच दुखणं कळतं."