आईचा हात आणि नवा गिअरबॉक्स

मंडळी, गिअरबॉक्स बसला एकदाचा! आत्ताच लातूरहून नांदेडला पोचलो. पण मी बरं केलं का वाईट, ते तुम्हीच सांगा.

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, जुनी बीटल गाडी तुम्ही आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर पाहिलीच आहे. हवेवर थंड होणारं तिचं इंजिन अजून लई दणकट, पण चढावर तिसरा गिअर सटकायचा. त्यामुळं मी लहान होतो तेव्हापासून आई शेजारी बसून गिअरचा दांडा दाबून धरायची. अण्णांनी "हं" म्हटलं की धरायचा, पुन्हा "हं" म्हटलं की सोडायचा. प्रवासात दोघांचं बोलणं तेवढंच.

आता तिचं मनगट दुखतं. म्हणून मीच हट्टानं नवा, सुधारलेला गिअरबॉक्स बसवून घेतला.

अहमदपूरच्या पुढं चढ लागला. अण्णा सवयीनं "हं" म्हणाले, आईनं हात पुढं केला. मागच्या सीटवरून मी म्हणालो, "आई, राहू दे. आता न्हाई सटकत."

तिनं हात मांडीवर ठेवला अन् खिडकीबाहेर बघत बसली. गाडी मस्त चढली, पण कौतुक कुणीच केलं न्हाई.

पुढच्या चढाला अण्णांनी आरशातून माझ्याकडं बघितलं अन् आईला म्हणाले, "धर गं. नवा हाय, भरोसा न्हाई त्याचा."

आईनं लगेच धरला.

मग सपाट रस्ता आला, तरी अण्णा सोडायचा "हं" काही म्हणाले न्हाईत. चौथा गिअर त्यांनी आईच्या हातासकट टाकला.