हंगाम संपल्याबिगर

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये नवी विंडोज कधी टाकायची, यावरून माझं आणि अण्णांचं आठ वर्षं भांडण चाललं. आठ वर्षं! एवढ्यात लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात ते ऊस नोंदणीचे क्लार्क होते. कुणाच्या रानात किती ऊस, लागण कधीची, तोड कधी द्यायची, हे सगळं ते कॉम्प्युटरवर चढवायचे.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही, विहिरींचे तळ दिसायला लागले आणि कारखान्याला ऊसच राहिला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाळप बंद झालं. ऑफिसातल्या वस्तू एकेक करून गायब व्हायला लागल्या, तेव्हा साहेबांनी अण्णांना सांगितलं, नोंदणीचा कॉम्प्युटर तुमच्या घरी ठेवा, हंगाम लागला की तुम्हालाच बोलावतो, घेऊन या. अण्णांनी तो मोटारसायकलवर आमच्या गावी, उमापूरला आणला. मी तेव्हा कॉलेजात होते. मागे बसून, गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर धरून मी आले. 'तुम्हालाच बोलावतो' या एवढ्या शब्दावर अण्णा पुढची वर्षं जगले.

त्याच वर्षी मला कॉम्प्युटर क्लासात शिकवायचं काम लागलं. घरी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यावेत म्हणून मी त्या मशीनवर बसायला लागले, तर जुन्या विंडोजवर एकही साइट धड उघडेना. नवी टाकावी म्हटलं तर नोंदणीचा प्रोग्राम फक्त जुनीवरच चालायचा, आणि तो ज्यानं करून दिला होता त्याचा पत्ता नव्हता. अण्णा म्हणायचे, प्रोग्राम गेला तर कारखाना मला कशाला बोलावील?

त्यांचा एक नियम होता, कारखान्यातूनच आलेला. चालू हंगामात तिथं मशीनला पाना लावत नाहीत. शेवटचा ऊस गाळून झाला, हंगाम बंद झाला, की मगच सगळं खोलून दुरुस्ती करायची.

"हंगाम संपल्याबिगर मशीन खोलत नसतेत, माय," ते म्हणायचे.

मी म्हणायचे, अहो, सुरूच झाला नाही तर संपणार कसा? त्यावर ते दसऱ्याचं नाव काढायचे. दसऱ्याच्या सुमारास कारखान्याचा बॉयलर पेटवतात. यंदा पेटतोय, असं दरवर्षी कुणीतरी त्यांच्या कानात घालायचंच. दसऱ्याच्या दिवशी अण्णा आंघोळ करून कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालायचे आणि दार लोटून तासभर त्याच्यापुढे बसायचे. आई म्हणायची, बसू दे, दुसरं काय आहे त्यांना. बॉयलर काही पेटायचा नाही. पूर्वी आमच्या कारखान्यावर येणाऱ्या शिरूरकडच्या ऊसतोड टोळ्या आता ट्रक भरून कर्नाटकात जायच्या. अण्णांपुढे हे बोलायची सोय नव्हती.

मी किती डोकं फोडलं असेल! सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा रागाच्या भरात बोलून गेले की कारखाना बंद पडला तो पडला, त्याच्याबरोबर तुमचं डोकंही बंद पडलंय. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. ते बोलणं मला अजून टोचतं.

मग कारखाना विकला गेला. नवे मालक आले आणि यंदा खरंच बॉयलर पेटणार अशी बातमी लागली. बोलावणं आलं नव्हतं, तरी अण्णांनी इस्त्रीचे कपडे घातले, सीपीयू त्याच गोधडीत बांधला आणि गेले. दुपारी परत आले, गोधडीची गाठ तशीच. तिथल्या माणसानं चहा पाजला म्हणे. सांगितलं की आता नोंद बांधावर उभं राहून मोबाइलवर होते, जुन्या याद्या लागत नाहीत, आणि तुमचं आता वयही झालंय. हे सगळं अण्णा आईला सांगत होते, माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी मला म्हणाले, टाक तुझी विंडोज.

मला आनंद व्हायला हवा होता. मेला झालाच नाही.

पुसायच्या आधी काही ठेवायचं आहे का बघावं, म्हणून मी तो प्रोग्राम पहिल्यांदाच उघडला. हंगामांची यादी आली. कारखाना बंद पडल्यानंतरचे आठच्या आठ हंगाम त्यात उघडलेले होते, दरवर्षी दसऱ्याच्या तारखेला. प्रत्येकात एकच नोंद. अण्णांचं नाव, आमचा गट नंबर, ऊस, दीड एकर. मी बघतच राहिले. विहीर आटल्यापासून आमच्या त्या दीड एकरात उसाचं एक कांडं नव्हतं. दोन वर्षं तूर झाली, एरवी नुसती ढेकळं.

"अण्णा, हे काय?"

"एक तरी नोंद लागती," ते म्हणाले. "बिगर नोंदीचा हंगाम उघडतच न्हाई."

जन्मात कधी खोटी नोंद न केलेला माणूस हा. तोडीचा नंबर आधी लावून दे म्हणत आलेल्या स्वतःच्या सख्ख्या मामाला त्यांनी तसंच परत पाठवलं होतं. मला रडू आलं. म्हटलं, राहू द्या, नाही टाकत मी. मी दुसरा घेईन, हा असाच ठेवू.

ते ऐकेनात. चष्मा लावून त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. एकेक हंगाम घेऊन बंद करायला लागले. बंद करताना प्रोग्राम विचारायचा, एकूण गाळप किती? अण्णा शून्य टाकायचे, जरा थांबायचे आणि पुढचा घ्यायचे. असं आठ वेळा. आई दारात उभी राहून बघत होती.

मग ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"संपला हंगाम, माय. खोल आता."