वाऱ्याच्या बाजूची भिंत

देव आहे हे मी मानते, पण त्याच्या भरवशावर काही सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. दार लावल्यावर पुन्हा जाऊन कडी ओढून बघणारी बाई मी. त्या संध्याकाळी मात्र मला कडी सोडावी लागली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. सासरे रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून अकोल्याला आले, पुढे अमरावतीला बदली झाली आणि बडनेरा रोडला घर बांधून ते इथलेच झाले. सुक्कोथला, म्हणजे आमच्या मांडवाच्या सणाला, ते दरवर्षी अंगणात स्वतः मांडव घालायचे. पूर्वज वाळवंटात अशाच आडोशाला राहिले, त्याची आठवण म्हणून त्यात बसून जेवायचं. भिंती कशाच्याही चालतात, पण छत झाडपाल्याचं, विरळ, आणि वर उघडं आभाळ हवं. यंदा त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला मांडवात बसून प्रार्थना म्हणायची आहे. पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलं?" ते मी फार मनाला लावून घेतलं.

सणाच्या दिवशी दुपारपासूनच परतीच्या पावसाचा वारा सुटला. यजमान अकोल्याहून निघाले होते, पण मूर्तिजापूरजवळ रस्त्यावर झाड पडल्यामुळे त्यांची बस अडकली. मी एकटीनेच बांबू रोवले, भिंतीला जुन्या चादरी बांधल्या, वर शिंदीच्या फांद्या टाकल्या. वारा चादरीत शिरला आणि सगळं उचलून तारेच्या कुंपणावर नेऊन टाकलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. शेवटी बांबू ओढत मी कडुनिंबाखाली न्यायला लागले. तिथे वारा कमी लागत होता. खिडकीतून सासऱ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "झाडाखाली नाही चालत, बाळ." मला रडूच आलं. सूर्य मावळला की सण लागतो, आणि सणाला काम वर्ज्य, मग गाठ मारणंही मना. अडचणीत आम्ही ज्यांना हाक मारतो त्या प्रेषित एलियाहू हनाबींशी मी मनातल्या मनात भांडले. म्हटलं, आजारी माणसाची एवढी साधी इच्छा, तीही तुम्हाला बघवत नाही का?

तेवढ्यात एक ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली ओढत थेट आमच्या अंगणात घुसला आणि जिथे मांडव घालायचा होता त्याला अगदी खेटून थांबला. माझा राग त्या ट्रॅक्टरवाल्यावर निघाला.

"ओ भाऊ, इथं काहून लावून राहिले? आमचा सण आहे आज."

"ताई, ट्रॉलीचं टायर फुटलं नं. रोडवर ठेवली तं कोनी येऊन धडकीन. नांदगावाहून सोयाबीन घेऊन आलो. मिस्त्री सकाळी यीन म्हन्ते. आता कुठं नेऊ हे?"

"मले नाही माहीत. पण इथून काढा."

मी हातातली चादर झटकत हे बोलत होते. बोलता बोलता लक्षात आलं, चादर फडफडत नव्हती. पोत्यांनी शिगोशीग भरलेली ती ट्रॉली बरोबर वाऱ्याच्या बाजूला उभी होती. बाहेर धूळ तशीच उडत होती, पण माझ्यापर्यंत येत नव्हती. मग ओशाळून म्हणाले, "राहू द्या भाऊ. तिथंच राहू द्या."

त्याला काय झालं ते कळलं नसावं, पण बांबू धरायला तो आपणहून आला. एकीकडे घराची भिंत, एकीकडे ट्रॉली, उरलेल्या बाजूला चादर. छत झाल्यावर तो म्हणाला, "वरून ताडपत्री टाकून देऊ का? पानी आलं तं?" सासरे खिडकीतून हसले. "पाणी आलं तर आत जाऊ. ताडपत्री टाकली तर तारे कसे दिसणार?" त्याने मान डोलावली, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं.

सूर्य बुडता बुडता आम्ही दोघांनी सासऱ्यांना धरून मांडवात बसवलं. काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला त्यांनी उजव्या हाताने उचलला आणि अडखळत का होईना, सगळी प्रार्थना म्हटली. माल सोडून त्या भावाला जाता येत नव्हतं, म्हणून त्यालाही ताट वाढलं. या सणाला मांडवात पाहुणा बोलवायची आमची रीतच आहे. मी मात्र त्या गडबडीत कुणालाच बोलावलं नव्हतं. जेवणं चालू असताना यजमान आले आणि चप्पल काढायचं विसरून तसेच वडिलांकडे बघत उभे राहिले.

सकाळी टायर बसलं, ट्रॉली गेली. एक बाजू उघडी पडली, बांबू कलायला लागला. मी सवयीने दोरी घेऊन धावले.

"सण आहे," सासरे म्हणाले. "आज गाठ नाही मारायची."

मी दोरी ठेवून दिली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. आदल्या दिवशी जे मागत होते तेच दारात आलं, तर मी त्याला हाकलत होते. आता माझ्या हाती काही नव्हतं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. डोक्यावर शिंदीची पानं सळसळत होती. मांडव हलत होता, पण उभा होता.