किल्ली घेऊन गेलेलं गिऱ्हाईक

ती किल्ली आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. नव्या गाडीची, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेली. नोकरीत मी सुरे, कोयते, गावठी कट्टे जप्त केले. ते सगळे विसरलो, पण ही किल्ली विसरलो नाही.

माझी नेमणूक तेव्हा भोर तालुक्यात होती. दिवाळीचा पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच महामार्गालगतच्या एका मोटारींच्या एजन्सीचा मॅनेजर अर्ज घेऊन आला. पाडव्याच्या मुहूर्तावर विंझरचा एक म्हातारा सहकुटुंब गाडी घ्यायला आला. पूजा झाली, नारळ फुटला, फोटो निघाले, किल्ली हातात दिली. म्हातारा गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मला गाडी नको." कारण विचारलं तर सांगेना. बायको-लेकरांना घेऊन सरळ एसटीत बसला. किल्ली मात्र खिशात घालून घेऊन गेला.

"दुसरी किल्ली नाही का?" मी विचारलं.

"आहे ना साहेब. पण चोरी ती चोरी. आणि बुकिंगचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही तुमच्यासमोर त्यांना कळलं तर बरं."

म्हणजे हा पोलिसांचा शिक्का फुकटात मागत होता. मी शाळेत असल्यापासून किकवीच्या फाट्यावर उभं राहून गाड्यांच्या काचांतून काकड्या विकल्या आहेत. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देत अधिकारी झालो. समोरचा काय मागतो आणि त्याला खरं काय हवंय, यातला फरक मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. तरी अर्ज आला म्हणजे चौकशी आलीच. एक हवालदार बरोबर घेऊन मी विंझरला गेलो.

घर रस्त्याला लागूनच. म्हातारा पडवीत भाताच्या पोत्यांची तोंडं शिवत बसला होता. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर. भिंतीवर विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं. त्याच खिळ्याला किल्ली टांगलेली होती, अगदी उघड्यावर.

"किल्ली का आणली?"

"आनली."

"का आणली ते विचारतोय!"

म्हातारा दाभण चालवत राहिला. माझा आवाज चढला. माझा राग तालुक्यात प्रसिद्ध होता. हवालदाराने सवयीने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "चोरीचा गुन्हा दाखल झाला तर त्या काचेतल्या कागदाची काय किंमत राहील?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्याने प्रथमच वर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज शांत होता. "कोंडा मला. किल्ली घिऊन जावा. पर साहेब, ती गाडी कुनाला दिऊ नका."

आतून त्याची बायको बाहेर आली. "दोन दिस झालं, जेवले न्हाईत. जावयाच्या हातनं गाडी घ्यायची म्हनून पुण्याची एजन्सी सोडली, हितं आलो. आन् हितं येऊन ह्यांनी जावयाची चार लोकांत शोभा केली. लेकीचा फोन आला, रडत व्हती."

"तू आत जा," म्हातारा म्हणाला.

जावई त्याच एजन्सीत विक्रीचं काम करत होता. मॅनेजरने अर्जात हे लिहिलं नव्हतं. मी पंचनामा केला, किल्ली ताब्यात घेतली. म्हाताऱ्याने पावती मागून घेतली आणि घडी घालून बनियनच्या खिशात ठेवली.

परतताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. चोर वस्तू स्वतःसाठी चोरतो. हा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाची काळजी करत होता.

दुसऱ्या दिवशी मी एजन्सीसमोर चहा प्यायला थांबलो. शेजारी एक बाई गाड्यांसाठी झेंडूचे हार करत बसायची. मी वर्दीत नव्हतो, पण तिने ओळखलं. पोलीस चालण्यावरून ओळखू येतो.

"साहेब, त्या म्हाताऱ्याचं काय झालं वो?"

"काय व्हायचंय? चोरी केली त्याने."

"चोरी!" तिने सुई हारात खुपसली. "ज्यांनी करायची त्यांनी केली. त्या गाडीला म्या दोनदा हार केलाय."

"दोनदा?"

तिने एजन्सीच्या दाराकडे पाहून आवाज उतरवला. "दसऱ्याला भोरचे एक हापिसातले साहेब आले व्हते. नंबर आला नव्हता, पर मुहूर्त चुकू नये म्हनून पूजा करून देवळापतूर फिरवून आनायला गेले. गेली हारासकट, आली टेम्पोवर चढून. म्होरनं पार चेपली व्हती. त्या साहेबांनी न्हाई घेतली. मंग दोन आठवडे मागच्या शेडात ठोकठोक चालली व्हती."

"आधी का नाही सांगितलं?"

"धंदा त्यांच्या दारात हाय, साहेब. आन् मला इचारलं कुनी?"

हे बरोबर होतं. मीही आधी विचारलं नव्हतं.

भोरहून माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आणला आणि एजन्सीत गेलो. गाडी पांढरी, चकचकीत. मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि बोल्टवर बोट ठेवलं. कंपनीतून आलेल्या रंगावर पान्याचे ओरखडे होते. बोनेटच्या फटीत जुनं, काळपटलेलं कुंकू होतं. पाडव्याचं कुंकू दोन-तीन दिवसांत इतकं काळं पडत नाही. मी खाली वाकलो. चाकाच्या खाचेत लिंबाची वाळून कडक झालेली बी अडकली होती. पाडव्याला चाकाखाली ठेवलेलं लिंबू म्हाताऱ्याने चिरडलंच नव्हतं. गाडी जागची हललीच नव्हती. हे लिंबू दसऱ्याचं. तीस वर्षं रोज पहाटे गाडीभोवती फेरी मारून मगच वर चढणाऱ्या माणसाने ते कुंकू आणि ही बी एका फेरीत पाहिली होती.

मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो. सौदा करताना पहिला भाव आपण सांगायचा आणि मग तोंड बंद ठेवायचं, हे मी काकड्या विकताना शिकलो. "दुरुस्तीचं रजिस्टर द्या," एवढंच म्हणालो.

तो बोलत सुटला. किरकोळ काम होतं, वरून तशा सूचना असतात, म्हाताऱ्याला सूट देऊ, बुकिंगही परत करू, साहेब तुम्हीही गाडी बघताय असं कानावर आलंय. इथे माझा हात टेबलावर आपटला आणि काच तडकली. रजिस्टर बाहेर आलं. चासी नंबर जुळला.

जावयाला स्वतंत्र बसवून विचारलं. पंचविशीतला, घाबरलेला. मी बराच ताणला, कारण सासऱ्याचं गप्प बसणं आता मला कळलं होतं. पण त्याचा हजेरीपट तपासला तर दसऱ्याला तो या शाखेत नव्हताच. दिवाळीच्या तोंडावर इथे आला होता. त्याला गाडी नवी म्हणून दिली, त्याने नवी म्हणून विकली. रजिस्टर समोर ठेवलं तेव्हा तो पानाकडे बघतच राहिला. "मामांना माहीत होतं?" एवढंच विचारलं त्याने.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. किल्लीचा अर्ज दफ्तरी दाखल केला. जबाबासाठी म्हाताऱ्याला बोलावलं, तेव्हा जावईही ठाण्यात होता. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले. मी कागद चाळत असल्याचं दाखवत राहिलो.

जावई म्हणाला, "मामा, मला एकदा बाजूला घेऊन विचारायचं ना. चोरीचा आळ घेतलात अंगावर, पण मला विचारलं नाहीत."

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इचारलं असतं, जावईबापू. आन् तुमी व्हय म्हनाला असता, तर? पुन्हा लेकीच्या दारात कोनत्या तोंडानं आलो असतो?"

जावई उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

बुकिंगचे पैसे म्हाताऱ्याला परत मिळाले. जावयाने ती नोकरी सोडली. मला काय मिळालं? दिवाणी स्वरूपाच्या वादात पडून एजन्सीच्या मालमत्तेचं नुकसान का केलं, याचा खुलासा मागणारा वरिष्ठांचा कागद. मी उत्तर दिलं, काचेची किंमतही भरली. त्या पत्राची प्रत मी जपून ठेवली आहे आणि अजून कुणी विषय काढला की दाखवतो. लोक म्हणतात, जाऊ द्या आता. मी जाऊ देत नाही.

पण प्रकरणाने शिकवायचं ते शिकवलं. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. कुणासाठी लपवतो, हे विचारायला त्या म्हाताऱ्याने शिकवलं. त्यानंतर माझ्यासमोर कुणी तोंड मिटून बसला, की मी आवाज चढवण्याआधी त्याच्या घरात कोण कोण आहे ते विचारत असे. निदान प्रयत्न तरी करत असे.

आणि एक. जावयावर त्याला संशय आला होता, तो खोटा होता. पण त्या संशयापायी म्हातारा किल्ली ठेवून गुपचूप निघून गेला असता तर फायदा मॅनेजरचा झाला असता. ती गाडी आणखी कुणाच्या दारात तिसरा हार घालून उभी राहिली असती. हे म्हाताऱ्यालाही कळत होतं. जावयाविरुद्ध तोंड उघडता येत नव्हतं आणि गाडी जाऊ देववत नव्हती. त्याला दोन्हींच्या मधली एकच वाट दिसली, म्हणून त्याने किल्ली खिशात घातली.

जबाबावर सही करून निघताना मी त्याला विचारलं होतं, "दुसरी किल्ली एजन्सीकडे होतीच. मग ही नेऊन काय उपयोग?"

"डेपोत आमचा रिवाज हाय, साहेब," तो म्हणाला. "नादुरुस्त गाडीची किल्ली डायवर कुनाला देत न्हाई. मग कुनीतरी इचारायला येतंच."

मी गेलो होतो.